दारावरचा लाल पट्टा

चौसाळ्याला हायवेवर गाड्या चमकवणारा एक जण आहे. डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही. हाताला पातळ कॅरीबॅग चढवून तो पत्रा चाचपतो, तशानं बारीक खरखरही बोटांना कळते; मग साबणाच्या पाण्यावर क्लेची, म्हणजे चिकणमातीसारखी, मऊ वडी फिरवतो. रंगात रुतलेली धूळ, डांबर, सगळं तिला चिकटून येतं. वडी जमिनीवर पडली की तिला लागलेल्या खड्यांनी रंग ओरखडेल म्हणून फेकूनच देतो, गिऱ्हाईक कितीही हळहळो.

माझ्या पांढऱ्या गाडीच्या दारावर लाल पट्टा होता.

"खांबाला घासली," मी म्हणालो.

"लाल खांब कुठं हाय, साहेब?"

संध्याकाळी गाडी लखलखत होती, पट्टा मात्र जसाच्या तसा. मी आवाज चढवला.

"दोन मिनिटांचं काम हाय, पण मी न्हाई करणार. दुसरीकडं न्या."

त्याची नजर माझ्यावरून हलेना. शेवटी मीच बोललो. लाल स्कूटी होती. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई पडल्या आणि मी थांबलो नाही. त्या अजून लंगडतात. कुणी उडवलं, ते त्यांना ठाऊक नाही.

"मंग मला कावून सांगता?" तो म्हणाला. "त्यांना सांगा."

तिथून मी थेट बाईंच्या दारात गेलो आणि सांगितलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.