गव्हाशी काडीमोड

मी कुरुंदा ते वसमत काळीपिवळी जीप चालवतो. एचआयव्ही मला आहे, बायकोलाही आहे. गोळ्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली. रात्री जेवण झालं की आम्ही समोरासमोर बसून गोळी घेतो, लोक पान खातात तशी. विषाणू दबलेला आहे, आणि माझ्यापेक्षा माझी जीपच जास्त आजारी असते. पण मागल्या साली पोट जे बिघडलं, ते थांबेचना.

ड्रायव्हरचं पोट बिघडलं की सगळ्या गाडीचा खोळंबा. कुठल्या पंपावरचा संडास उघडा असतो, कुठल्या शेतातली हळद आडोशाइतकी वाढलीय, हे मला तोंडपाठ झालं. गाडी थांबवायची, "इंजिन तापलं" म्हणायचं आणि पाण्याची बाटली घेऊन पळायचं. एकदा पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलंच, "इंजिन हितं हाय, मंग पानी शेतात काहून नेऊन राहिला रे?" सगळी जीप हसली. मीही हसलो, पण पळता पळता.

आमच्या गोळ्या जिथून मिळतात त्या एआरटी सेंटरच्या डॉक्टर मॅडमना म्हणालो, "या गोळ्यांनीच होऊन राहिलं. थोडे दिवस बंद करू का?"

"गोळ्यांना हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी कारण शोधू."

शौचाच्या तपासणीत जंतू सापडले, औषध झालं, थोडा फरक पडला आणि पुन्हा तेच. मग रक्त तपासलं. गव्हानं आतड्याला होणारा आजारही निघाला नाही. "तरी काहींना गहू सोसत नाही," मॅडम म्हणाल्या. "काही आठवडे बंद करून बघा. एचआयव्हीवरचा हा इलाज नाही, फक्त पोटासाठी."

मला वाटलं, भाकरी खाणाऱ्याला त्यात काय अवघड! पण बायकोनं घराची झडतीच घेतली. बिस्किट, पाव, रवा, शेवया, सगळं हद्दपार. ज्वारीचं दळण ती भल्या सकाळी, गिरणीत गहू पडायच्या आत नेऊ लागली. एक दिवस डबीवरचं बारीक वाचून ओरडली, "आवो, हिंगातबी गव्हाचं पीठ हाय!"

"हिंगोली जिल्ह्यात राहून हिंग बंद?" मी म्हणालो. "मंग जिल्हाच सोडू."

हळूहळू पोट खरंच शांत झालं. तेवढ्यात कनेरगाव नाका या गावी बायकोच्या भाचीचा साखरपुडा आला. पंगतीत पुरी आणि शिरा. मी ताटावर हात आडवा धरला, तशी बायकोची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आई, समोर उभी राहिली.

"दाजी, काय चुकलं आमचं? रुसले का?"

"रुसलो न्हाई. भाकर असंल तर द्या."

"पाहुण्याला भाकर? लोक थुंकतील माझ्यावर!" तिचे डोळे भरून आले.

तिला आमचा आजार ठाऊक होता. नवऱ्या मुलाकडच्यांना नव्हता. शेजारी बसलेल्या मुलाच्या वडिलांनी मान वळवली. "काहून, काही तकलीफ हाय का?"

वाढत असलेल्या बायकोचा हात तिथंच थांबला.

"गहू सोसत न्हाई मला," मी म्हणालो. तेवढं खरंच होतं.

"मंग मला बी भाकरच सांगा," ते खूश होऊन म्हणाले. "पुरीनं छातीत आग होती, पण व्याह्याच्या दारात बोलावं कसं?"

थोरलीनं डोळे पुसले आणि चूल पेटवली. भाकरीचा वास पंगतीत फिरला आणि एकेक म्हातारा "अर्धी मला बी" म्हणू लागला. टोपलंभर पुऱ्या उरल्या, आणि थोरली पीठ मळता मळता मला शिव्या देत हसत होती.

पुढं मॅडमनी खात्रीसाठी एकदा गहू खाऊन बघायला सांगितलं. बायकोनं तूप लावून पोळ्या केल्या. मी डोळे मिटून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जीप दारातच उभी आणि मी घरात आडवा.

बायकोनं उरलेली पोळी चहात बुडवून माझ्यासमोरच खाल्ली. तिला गहू बराबर पचतो.