न सांगता दिलेली पुडी

माझं नाक फार वाईट आहे. समोरचा माणूस बोलायला लागला की तो काय सांगतो याआधी त्याच्या तोंडाला कशाचा वास येतो इकडे माझं लक्ष जातं. तंबाखू-सुपारीचा खर्रा, देशी, खोकल्याचं औषध, आणि हे सगळं झाकायला खाल्लेली बडीशेप किंवा वेलची. वेलचीचा वास आला की मला सगळ्यांत जास्त संशय येतो. अमरावतीत व्यसनमुक्तीच्या कामात वीस वर्षं काढल्यावर माणूस असाच होतो. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला राजापेठेतली पुरुष मंडळी कचरतात, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

माझं अर्धं काम पेशंटशी बोलण्याचं आणि अर्धं शिकवण्याचं. आशाताई, नर्सेस, शाळेतले शिक्षक, औषधाच्या दुकानात बसणारे, आणि महिन्यातून एकदा पेशंटच्या घरची माणसं. घरच्या माणसांसाठी मी एक कागद तयार केला होता. 'घरच्यांनी कशाकडे लक्ष ठेवावे' असं त्याचं नाव, आणि खाली चौदा लक्षणं. घरचं जेवण टाळणे. सगळ्यांबरोबर न बसणे. नजर चुकवणे. एखादी जागा कुलूप लावून ठेवणे. तोंडात सतत काहीतरी चघळणे. या कागदाचा मला फार अभिमान होता. नांदगाव खंडेश्वरच्या शिबिरात बायांनी त्याचे फोटो काढून तिथल्या तिथे सगळ्या ग्रुपवर पाठवले, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते.

शिबिरात मी आणखी एक गोष्ट न चुकता सांगते. माणसाला न सांगता दारू सोडवायचं औषध त्याच्या जेवणात कालवू नका. आमच्याकडे हे सर्रास चालतं. भिंतीवर जाहिरात असते, 'न सांगता देता येईल', आणि खाली मोबाईल नंबर. बायको किंवा आई ती पुडी आणते आणि वरणात, नाहीतर चहात टाकते. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि त्यात दारू सोडवायची खरीच गोळी कुटलेली असली, तर वरून दारू प्यायलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. कोणी कोणी असं केलंय, असं मी विचारते. एकही हात वर होत नाही. पण चार-पाच जणी एकदम पदराचं टोक बघायला लागतात, आणि मला काय ते कळतं.

मी जे कधीच सांगितलं नाही ते हे, की अशी एक पुडी मी स्वतः आणून दिली होती. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला, अकोल्याला. तेव्हा मी या कामात नव्हते आणि भाऊजी पिऊन शेतातल्या बांधावर पडायचे. पुढे मी शिकले, आणि फोन करून ताईला म्हटलं, ते बंद कर. ती हो म्हणाली. मी परत कधी विचारलं नाही. विचारायला गेले असते तर पुडी कोणी आणली हेही निघालं असतं.

भाऊजींनी दारू सोडली त्याला चार वर्षं झाली. एका दवाखान्यात स्वतःहून भरती झाले, महिनाभर राहिले आणि आले ते वेगळेच. झेंडू आणि शेवंतीत पुन्हा जीव ओतला. दसऱ्याला त्यांच्या फुलांचे क्रेट बाजारात कधी येतात याची लोक वाट बघत असायचे. आमच्या घरात उदाहरण द्यायचं झालं तर भाऊजींचंच.

आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ताईचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती.

"हे पुन्हा सुरू झाले वं."

"पिताना पाहिलंस?"

"पाह्यलं नाई. पन घरचं खाऊनच नाई राहिले. आखाडीपासून. चाय नाई, पानी बी नाई. वावरातल्या मोटरच्या खोलीले कुलूप लावते अन् तिथंच बसते दिवसभर."

माझ्या मनात पाल चुकचुकलीच. तीन-चार वर्षांनी पाय घसरलेली माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली. समोरच्या बाकावरचा गृहस्थ मूर्तिजापूरपर्यंत तोंडातल्या तोंडात खर्रा घोळवत होता आणि बायकोला "सुपारी हाय" म्हणत होता. बायको खिडकीबाहेर बघत होती. मी दोघांकडेही बघत होते, आणि मनात मात्र भाऊजींना कसं पकडायचं याची तयारी चालली होती.

ताईने मला दारातूनच आतल्या खोलीत ओढलं आणि कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूने माझा कागद चिकटवलेला होता. माझीच चौदा लक्षणं, आणि त्यांतल्या अकरांसमोर पेन्सिलीने केलेल्या खुणा. किती निगुतीने केल्या होत्या! ताईला अक्षरं जोडून वाचावं लागतं, तरी एकही ओळ सुटली नव्हती.

"अकरा जुळले," ती म्हणाली. "तूच लिवलं ना, पाचाच्या वर जुळले तं समजून जा?"

मीच लिहिलं होतं.

तेवढ्यात भाऊजी आले. रिकामे क्रेट अंगणात ठेवले, मला पाहून हसले. "या मॅडम! आज आमच्या घरी शिबिर का?" मला ते चिडवायला नेहमी मॅडम म्हणतात. मी जवळ जाऊन नमस्काराला वाकले ते खरं तर वास घ्यायला. वेलची. ताईने चहा आणला, त्यांनी कपाला हातही लावला नाही. तहान लागली तर माठाकडे न जाता अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरली. आणि पाच मिनिटांत, "फुलाचा तोडा बाकी हाय," म्हणून निघून गेले. नजर चुकवली, हेही मी टिपलं.

अर्ध्या तासाने मी मागोमाग गेले. शेत घरापासून फार लांब नाही. भाऊजी पार पलीकडच्या टोकाला, झेंडूत कमरेत वाकलेले दिसले. मोटरच्या खोलीचं कुलूप उघडं लटकत होतं. मी आत शिरले. चोरासारखं करतेय याची लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा नाही वाटली, उलट अंगात उत्साह होता. कोपऱ्यात पोत्याने झाकलेलं काहीतरी होतं. पोतं उचललं. गॅसची छोटी शेगडी, एक कढई, एक पातेलं, तीन-चार ताटल्या-वाट्या. फळीवर बाटली होती. झाकण काढून हुंगलं, तर करडीचं तेल. शेजारच्या डब्यात तुरीची डाळ. मग कणीक, तिखट, मीठ, चहाची पत्ती आणि कागदात गुंडाळलेली वेलची. मी एकेक डबा उघडत गेले आणि प्रत्येक डब्याबरोबर माझा संशय वाढतच गेला. इतकं साधं सामान कोणी कुलूप लावून का ठेवेल?

"खालचा डबा राह्यला, मॅडम," मागून आवाज आला. "त्यात गूळ हाय."

भाऊजी दारात उभे होते, दुपट्ट्याने हात पुसत. रागावलेले दिसत नव्हते, आणि त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. मी काहीबाही बोलायला लागले. ते पोत्यावर बसले.

"तुमची ताई माह्या वरनात काय टाकते, तुमाले मालूम हाय?"

त्यांनीच सांगितलं. आषाढात, आखाडीच्या सुमाराला ते क्रेट ठेवायला मागच्या दाराने आले होते. खिडकीतून दिसलं की ताईने त्यांची वाटी वेगळी काढली, पदराच्या गाठीतून जाहिरातीतली ती दारू सोडवायची पुडी सोडली आणि चमच्याच्या दांडीने वरण ढवळलं. रोज ती दांडीनेच ढवळते हे त्यांना कित्येक वर्षांपासून दिसत होतं. त्यांना वाटायचं, तूप फिरवते.

"चार वर्स!" ते म्हणाले. "मी सोडल्यावर बी टाकतच राह्यली."

"भांडलात?"

"नाई. पयले लय राग आला. मंग दुसराच इचार आला अन् झोपच उडाली. साऱ्या गावाले मी सांगत फिरलो का म्या सोडली. तुमच्या शिबिरात बी बोललो. अन् हे माह्या पोटात रोज जाऊन राह्यलं. तं मंग सोडली कोनं? म्या का पुडीनं?"

मी उघडे डबे एकेक करून बंद करायला लागले.

"म्हनून पाहून राहिलो. घरचं काईच खाल्लं नाई, पेलं नाई. सोताचं शिजवतो. तीन महिने झाले. पोळा गेला, गनपती गेले. बाजारात बसलो जुन्या पेनाऱ्याईच्यासंगं, ग्लास समोर ठेवून. नाई उचलला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घ्या, वास घ्या. मगाशी वाकून घेतलाच तुमी."

मला हसायला आलं आणि रडायलाही आलं. पण त्यांचा प्रश्न संपला नव्हता.

"पयली पुडी कोनं आनली? तिचं तं बाहीर जानं नाई तवा."

वीस वर्षं मी लोकांना खरं बोलायला शिकवते. स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्या मनात आधी दोन खोटी उत्तरं तयार झाली, हे मला कबूल केलं पाहिजे. मग म्हटलं, "मी आणली, भाऊजी."

बाहेर फुलं तोडणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मग भाऊजी उठले आणि कणकेचा डबा ओढत म्हणाले, "जा, तुमच्या ताईले घेऊन या. जेवाले. सांगून आना, लपवून नाई."

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "वास घेतला का त्याईच्या तोंडाचा?" घेतला, म्हटलं, काही नाही. "वेलची खाल्ली असन." ते वेलचीचा चहा करून पितात, म्हटलं. "तुले सांगितलं अन् तू मानलं?" ती ऐकायलाच तयार नव्हती. मी चिडले. तीन महिने तुझ्या पुडीशिवाय माणूस कोरडा राहिला, आणखी काय पाहिजे तुला, असं जरा जोरात बोलले.

ताई मटकन खाली बसली. म्हणाली, "मंग इतके वर्स मी काय केलं वं?"

ते मला लागलं. मी समजत होते ती नवऱ्यावर पाळत ठेवते. ती तर रोज त्याला वाचवत होती, तिच्या समजुतीने. रोज सकाळी भीतीने उठायची, वाटी ढवळायची आणि संध्याकाळी तो शुद्धीत घरी आला की मनातल्या मनात देवाचे आणि त्या पुडीचे आभार मानायची. मी तिला पुडी दिली, कागदही दिला. त्या भीतीचं काय करायचं ते मात्र एकदाही बसून सांगितलं नाही, आणि अख्ख्या जिल्ह्याला सांगत हिंडले. मला माझाच संताप आला.

कशीबशी तिला घेऊन गेले. तोवर भाऊजींनी गोवऱ्यांचा विस्तव करून रोडगे भाजले होते. वांग्याची भाजी झाली होती, आणि घट्ट वरण. वऱ्हाडातल्या पुरुषांना एरवी चहा करता येत नाही, पण शेतात रोडगे लावायला सांगा, बघत राहाल. बाभळीच्या सावलीत पोतं अंथरलं होतं. त्यांनी ताटं वाढली. ताईची वाटी त्यांनी पाठमोरं होऊन भरली. मुद्दाम केलं की कढई त्या बाजूला होती, मला सांगता येणार नाही. ताईने ते पाहिलं, मीही पाहिलं.

ताईने रोडगा फोडला, वरणात कुस्करला.

"काय टाकलं त्यात, इचारून नाई राहिली?" भाऊजी म्हणाले.

ताईने मान वर केली नाही. "तुमी इतके वर्स कुठं इचारलं," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.

भाऊजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. डोळेही पुसले असावेत. मग त्यांनी हात पुढे केला आणि ताईच्याच वाटीतलं वरण आपल्या रोडग्यावर ओतून घेतलं.

मी अजून जेवायला सुरुवात केली नव्हती. दोघांच्याही घशाखाली घास उतरलेला पाहिला, तेव्हा कुठे माझा हात ताटाकडे गेला. भाऊजी माझ्याकडेच बघत होते.