आधी रुग्ण, मग औषध

बिल्डचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या रोजच्या नोंदी, आमच्याकडे तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. किस्से पुसायची सोय अजून कुणी केलेली नाही. त्यामुळे ते साचत जातात, आणि चार मित्र भेटले की बाहेर येतात!

आमचं ऑफिस इंदूरला, भंवरकुआं चौकात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्याचे चौदा तुकडे, म्हणजे मॉड्यूल. रोज सकाळी सर्व्हर ते तयार करून जोडतो, तो आमचा बिल्ड. एक तुकडा दुसऱ्यावर उभा असतो, म्हणून आधी कुठला आणि मग कुठला, हा क्रम चुकला की पडदा लाल.

मी जर्मनीत शिकून परत आलो तो एकच गोष्ट मनात धरून: जगात कुठंही खपेल असं काम इंदुरातही होतं. आलो त्याच आठवड्यात पुण्याहून हेड ऑफिसच्या देवधर सरांची अट आली. महिनाअखेरपर्यंत बिल्ड सलग पाच दिवस, कुणी हात न लावता हिरवा यायला हवा. नाहीतर काम पुण्याला, आणि ज्यांना जमेल त्यांनी पुण्याला यावं. आमच्या कान्हेरेजींची आई इथं अंथरुणाला खिळलेली, 'औषध' मॉड्यूल सांभाळणाऱ्या मेघाताईंची मुलगी दहावीला. दोघांनाही जमणार नव्हतं.

* * *

पहिल्या दिवशी कान्हेरेजींच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. कान्हेरेजी आमच्यातले सगळ्यात जुने, 'रुग्ण' मॉड्यूल त्यांचं. चिठ्ठीत लिहिलं होतं : 'औषध लाल आलं तर चहा पिऊन पुन्हा चालवा.'

"चहा कशाला?" मी विचारलं.

"अरे निखिल, चहा होईतो रुग्ण तयार होतो. मग औषध आपोआप हिरवं!"

प्रकार असा, की सर्व्हर एका वेळी दोन-दोन कामं हातात घ्यायचा. रुग्ण अर्धवट असतानाच औषध सुरू व्हायचं आणि आपटायचं. दुसऱ्या खेपेला रुग्ण तयारच असायचा.

मी तळमळून म्हणालो, "मग सर्व्हरलाच सांगून ठेवू ना, की औषध रुग्णावर अवलंबून आहे! एक ओळ लिहायची. थांबावंच लागणार नाही!"

कान्हेरेजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ते माहीत आहे रे. पण मग चहा कधी प्यायचा?"

* * *

काही सांगितलं नसलं की सर्व्हर नावांच्या अक्षरक्रमानं सुरुवात करतो. हे आमच्या गोलूला कळलं. गोलू पक्का इंदुरी. हिंदी त्याची, पण शेजारच्या मराठी काकूंकडे वाढल्यामुळे मराठीही झकास. आपलं रिपोर्टचं मॉड्यूल लवकर यावं म्हणून त्यानं नावाआधी एक 'a' लावला. मेघाताईंनी औषधाला दोन लावले. गोलूनं तीन. मी आलो तेव्हा गोलू सातवर होता!

एकदा देवधर सरांचा फोन आला. "कुठलं मॉड्यूल फेल झालं?"

गोलू प्रामाणिकपणे वाचायला लागला, "सर, आआआआआआआ..."

"अरे काय झालं? पडलास का? कुणीतरी बघा रे त्याला!"

* * *

कान्हेरेजींच्या मशीनवर बिल्ड नेहमी हिरवा, सर्व्हरवर लाल. "माझ्याकडे तर चालतं," एवढंच त्यांचं उत्तर. मी शोधलं, तर त्यांच्या फोल्डरमध्ये तीन वर्षांपूर्वीचे तयार तुकडे पडलेले. नवं काही नाही सापडलं, की त्यांचं मशीन गुपचूप जुनंच उचलायचं.

मी म्हणालो, "कान्हेरेजी, स्वच्छतेसाठी देशभर आपल्या शहराचं नाव, आणि हे तुमचं फोल्डर?"

"कचरागाडी दारापर्यंत येते बेटा," ते शांतपणे म्हणाले. "घरात शिरून कपाटं नाही उघडत!"

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा, कारण तो न सांगणं बरं दिसणार नाही.

मी भिंतीवर चौदा चौकोन काढले, बाण काढले, आणि तासभर बोललो. "क्रम लक्षात ठेवायचा नसतो, लिहायचा असतो! प्रत्येकानं आपण कुणावर उभे आहोत ते जाहीर करा!" खालचे कोचिंगवाले सर माईकवर शिकवत होते, तरी माझाच आवाज मोठा होता. मग मी नवं मॉड्यूल दाखवलं, सगळ्यांचा क्रम तपासणारं. सगळ्यांसमोर बिल्ड लावला.

लाल!

सगळ्यांचे बाण मी लिहिले होते, माझ्या मॉड्यूलचा सोडून. क्रम तपासणारं मॉड्यूल सर्वांत शेवटी लागलं होतं.

गोलू म्हणाला, "भिया, जर्मनी में बारात ऐसेई निकलती है क्या? दूल्हा सबसे पीछे?"

* * *

महिना संपत आला. सगळं जुळलं, फक्त एक गाठ राहिली. पेशंटला कुठलं औषध चालत नाही, हे बघायची सोय 'रुग्ण'मध्ये नुकतीच आली होती, तिला 'औषध' आधी हवं. कुणाला दिलं, हे लिहायला 'औषध'ला 'रुग्ण' आधी हवा. सर्व्हर म्हणे, तुम्ही दोघं एकमेकांवर उभे आहात, मी कुणापासून सुरुवात करू?

कान्हेरेजी म्हणाले, "आधी हिनं आपला बाण पुसावा." मेघाताई म्हणाल्या, "आधी यांनी." दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी गोलूनं दोघांना समोरासमोर बसवलं, आणि दोघांना लागणारी यादी बाहेर काढून तिचं तिसरंच छोटं मॉड्यूल केलं. त्यानंतर सलग चार दिवस बिल्ड हिरवा! उरला एक.

कोर्टात दोन्ही पक्षांनी समजुतीनं वाद मिटवला की इकडे त्याला राजीनामा म्हणतात. गोलूचे काका वकील, त्यामुळे त्याच्या तोंडी तो शब्द कायमचा. त्यानं पुण्याला चार दिवसांचा रिपोर्ट पाठवला, सरांना बरं वाटावं म्हणून खास मराठीत : 'कान्हेरेजी आणि मेघाताई, दोघांचा राजीनामा झाला. तेव्हापासून बिल्ड हिरवा. सगळे खूश.'

पाच मिनिटांत देवधर सरांचा फोन. गोलूनं स्पीकरवर टाकला.

"दोघांचा? एकदम?" सरांनी घाबरून विचारलं.

"हो सर," कान्हेरेजी अभिमानानं म्हणाले. "इथंच, निखिलच्या टेबलावर बसून केला."

"कुणी दबाव वगैरे..."

"छे सर, राजीखुशीनं!" मेघाताई म्हणाल्या. "मला तर एकदम हलकं वाटतंय. आधीच करायला हवा होता."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात हलवायला लागलो. गोलू कुजबुजला, "भिया, एक मिनट, सर को बोलने दो."

"माझ्या त्या अटीमुळे झालं का हे?" सरांनी विचारलं.

"हां सर!" गोलू उचंबळून म्हणाला. "पूरा क्रेडिट आपका! आप अड़ते नहीं, तो ये दोनों मरते दम तक नहीं करते!"

पुण्याकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हे बघा," सर म्हणाले, "अट रद्द. काम इंदूरलाच राहील, कुणी कुठं जायचं नाही. आत्ता लेखी पाठवतो. फक्त तो राजीनामा मागे घ्या, दोघांनीही. आजच्या आज!"

कान्हेरेजींनी मेघाताईंकडे पाहिलं. मेघाताईंनी नकारार्थी मान हलवली.

"माफ करा सर," कान्हेरेजी ठामपणे म्हणाले, "ते नाही जमणार. मागे घेतला तर बिल्ड लाल होईल!"