लंच टेबलावरच्या क्रांत्या

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या लिफ्टच्या कारखान्यात जॉइन झाल्यावर जेवायला जे टेबल मिळतं, ते कायमचं. माझ्या वाट्याला आलं कम्युनिस्ट राजवटी भोगलेल्यांचं. पोलंडचा मारेक, रोमानियाची एलेना, चीनचा वेई. मी पुण्याचा. माझं आंदोलन म्हणजे सोसायटीत पाण्याच्या टँकरसाठी केलेली आरडाओरड. त्यामुळे मी मुकाट ऐकतो. ऐकून ऐकून इतकं साचलंय की बायको म्हणते, "तू नक्की पुण्यातच शिकलास ना रे?"

*

मारेक कॉलेजात असताना घरी न सांगता सरकारविरोधी मोर्चात गेला. वडील कम्युनिस्ट पक्षाचे मेंबर. अर्ध्या वाटेत शेजारच्या घोषणेचा आवाज ओळखीचा वाटला. बघतो तर मफलरमध्ये तोंड लपवलेले वडीलच. दोघांनी माना फिरवल्या.

घरी आईनं विचारलं, "कुठे होतात?"

वडील म्हणाले, "मीटिंगला." मारेक म्हणाला, "लायब्ररीत."

"असं? मग माझ्या पुढे घोषणा देत कोण चाललं होतं?"

*

एलेना तेव्हा लहान. दुकानं कायम रिकामी, म्हणून रस्त्यात माणसं जमलेली दिसली की आधी रांगेत उभं राहायचं, काय मिळतंय ते नंतर विचारायचं, ही तिकडची रीत. आई पिशवी घेऊन गर्दीत घुसली. पुढच्या माणसाला म्हणाली, "काय आलंय?"

"स्वातंत्र्य."

"आपला नंबर येईपर्यंत उरलं म्हणजे झालं," आई म्हणाली, आणि पिशवीसकट उभी राहिली.

*

मागच्या वर्षी मॅनेजमेंटनं पँट्रीतलं कॉफी मशीन काढून टाकलं. मी म्हणालो, "इथे एवढी अनुभवी माणसं बसलीत. एचआरकडे कोण जातंय?"

पोलिसांच्या पाण्याचे फवारे अंगावर घेतलेल्या मारेकनं चमचा खाली ठेवला. "हबीबी, माझा व्हिसा रिन्यूला गेलाय."

एलेना म्हणाली, "माझा पुढच्या महिन्यात."

खलास. दुसऱ्या दिवशी सगळे घरून थर्मास घेऊन आले.

*

एकदा सगळ्यांना दुबईतल्या करामा भागात थाळी खायला नेलं. माझी मुलगीही होती. बंदी घातलेली पत्रकं चोरून कशी छापायचो, हे मारेक रंगवून सांगत होता. मुलगी म्हणाली, "अंकल, व्हाय डिडन्ट यू जस्ट फॉरवर्ड इट?"

मारेकनं जरा विचार केला. "फॉरवर्डच करायचो. पायी."

*

वेई कधी बोलायचा नाही. ऐकायचा, हसायचा, डबा धुवायला उठायचा. परवा एलेनानं सरळच विचारलं, "त्या काळात तू कुठे होतास?"

"बीजिंगला. कॉलेजात."

एलेना पुढे सरकली.

"विद्यार्थी बसले होते आणि रणगाडे आले, त्या चौकात गेला होतास?"

"रोज जायचो. शेवटच्या दिवशी मला ताप होता. रूममेट म्हणाला, तू झोप, मी जाऊन येतो, तुझी सायकल दे. दिली."

मारेकला गप्प बसवत नाही. तो हसून म्हणाला, "आणि त्यानं परत दिली नसेल. रूममेट सगळीकडे सारखेच."

वेईनं डब्याला झाकण लावलं.

"नाही, सायकल मिळाली," तो म्हणाला.