बंपरला भोक पाडायचं नाही

दादारावकाका मेश्रामांच्या घरात एकही खिळा नाही.

घर त्यांचं स्वतःचं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूच्या जरा बाहेर, तीन मजली, अरुंद, शेजारच्या घराला चिकटलेलं. त्या शेजारच्या घरात मी भाड्याने राहतो. माझ्या भिंतीत चार खिळे आहेत. काकांना ते दिसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला चावलोय.

"घर सोडताना मालकाला काय सांगशील?"

"भोकं भरून देईन ना, काका."

"भरलेलं भोक भोकच असतं, शंतनू."

काका नागपूरचे. अमेरिकेत आले तेव्हा आधी आयसेलिनला राहिले, मग ओहायोतल्या डब्लिनला, मग इथे. व्हिसा होता तोवर सगळी घरं भाड्याची. घर सोडताना मालक भिंती तपासायला यायचा आणि काका हात मागे बांधून त्याच्या पाठोपाठ फिरायचे. एकाही मालकाला एकही भोक सापडलं नाही. इतर लोक पगारवाढीच्या गोष्टी सांगतात. काका ही सांगतात.

पुढे ग्रीन कार्ड आलं, मग घर आलं. सवय राहिली. त्यांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ खुर्चीवर बसलेलं असतं. पाहुणे आले की घड्याळाला उठावं लागतं. पडद्यांच्या दांड्या दोन भिंतींच्या मध्ये ताणून बसवलेल्या आहेत आणि अधूनमधून कुणाच्या तरी डोक्यावर येतात. बाबासाहेबांचा फोटो पुस्तकांना टेकवून ठेवला आहे. तिथे मात्र काकांचं म्हणणं मला पटतं. "खिळ्यापेक्षा पुस्तकंच बरी," ते म्हणतात.

मी साहित्य शिकलो. काकांच्या मते त्यामुळे माझे हात रिकामे असतात. म्हणून काही धरायचं असलं की मला फोन येतो. वसंतात एका शनिवारी असाच आला.

मी गेलो तर राधाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, दारातच उभ्या. पर्स खांद्यावर, चेहरा लाल.

"पास झालात, काकू?"

"गाडीत बसूच दिलं नाही."

काकू नागपूरला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. इथे आल्यावर इतकी वर्षं काकांच्या शेजारच्या सीटवर बसून राहिल्या. आता त्यांना एका बालवाडीत नोकरी मिळाली होती, पुढच्या पुढच्या सोमवारपासून. बालवाडी टेकडीपलीकडे. बस जात नाही. लायसन्स हवं, नाहीतर नोकरी दुसऱ्या कुणाला. आणि ड्रायव्हिंग टेस्ट घ्यायला आलेल्या बाईंनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, पुढची नंबर प्लेट कुठे आहे?

प्लेट घरी होती, बुटांच्या कपाटात. गाडी ओहायोत घेतलेली. तिथे पुढे प्लेट लागत नाही, त्यामुळे पुढच्या बंपरला ती बसवायची भोकंच नव्हती. वॉशिंग्टनमध्ये लागते. इथल्या ऑफिसने दोन प्लेट दिल्या. काकांनी एक मागे लावली, एक जपून ठेवली.

"नवी तारीख शुक्रवारची," काकू म्हणाल्या. "तोवर ती प्लेट लागली पाहिजे. गॅरेजवाला म्हणतो, दोन भोकं, दोन मिनिटं."

"भोक नाही," काका म्हणाले.

"मग मी पाडते. ड्रिल कुठे मिळतं, शंतनू?"

"राधा, भोक न पाडता लावून देतो. शब्द आहे."

पहिला उपाय चुंबकाचा. काकांनी फ्रीजवरचा नायगारा धबधबा काढला आणि गाडीच्या बॉनेटला लावून पाहिला. घट्ट चिकटला. मग त्यांनी दुकानातून मोठे चार चुंबक आणले आणि प्लेटच्या मागे बसवले. मी धरायला. काकांनी प्लेट बंपरवर ठेवली, दाबली, हात काढला. ती माझ्या पायावर पडली. पुन्हा ठेवली. दुसऱ्या पायावर पडली.

काकूंनी खिडकीतून विचारलं, "बंपर प्लॅस्टिकचा आहे ना हो?"

आम्ही दोघांनी बंपरकडे पाहिलं. काका मोठमोठ्या बँकांचे डेटाबेस सांभाळतात.

"बॉनेटला चिकटलं होतं," ते म्हणाले.

"मग बॉनेटवर लावा. टिकली लावल्यासारखी."

दुसरा उपाय वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा. बंपरच्या मधल्या जाळीतून पट्ट्या ओवल्या आणि प्लेट बांधून टाकली. छान दिसत होती. काकांनी गाडी सुरू केली. टिंग टिंग टिंग टिंग.

जाळीच्या मागे गाडीचा सेन्सर होता, समोर काही आलं तर सांगणारा. आता त्याच्या डोळ्यांवर प्लेट होती.

"गाडीला वाटून राहिलं, समोर कोणीतरी आहे," काका म्हणाले.

गाडी हळू चालली की टिंगटिंग. थांबली की आणखी जोरात. मी म्हटलं, हे सोडा. पण काकू तोवर ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या होत्या.

"असू द्या. मला सराव करायचाय."

रविवारी ऑफिसांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव झाला. काका काकूंच्या शेजारी, मी मागे. काकांच्या तोंडाला क्षणाचीही उसंत नव्हती. "ब्रेक. ब्रेक. आरसा. आरसा बघ. डावीकडे माणूस आहे. माणूस नाही, झाड आहे. झाड बघ." या सगळ्यावर टिंग टिंग टिंग टिंग. मला वाटलं, काकू स्टिअरिंग सोडून पळून जातील. पण त्या शांत होत्या. वळत होत्या, थांबत होत्या, दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घेत होत्या. सोमवारी, मंगळवारी संध्याकाळीही तेच. टिंगटिंग जितकी जोरात, तितकं काकूंचं पार्किंग सरळ. मी थक्क झालो.

मंगळवारी परत येताना एका स्पीडब्रेकरवर दोन पट्ट्या तुटल्या. प्लेट एका कानाला लोंबकळत घरापर्यंत आली. काकांनी टेस्ट घेणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन करून विचारलं, बांधलेली चालते का? उत्तर आलं, हलता कामा नये.

काकू फोनवर ड्रिलचे फोटो बघत बसल्या.

"शंतनू," काका हळूच म्हणाले, "गाडीचं ते पुस्तक वाच ना. तुझं शिक्षण आहे."

पुस्तक गाडीच्या खणात होतं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. काकांनी तीही फाडली नव्हती. मी सुरीने एका कडेने सोडवली, कारण ते बघत होते. बऱ्याच पानांनंतर एक चित्र आलं. गाडी बंद पडली तर ती ओढून न्यायला पुढे एक हुक लावता येतो. तो बसवायची जागा बंपरवरच्या एका चौकोनी झाकणाखाली असते.

आम्ही टॉर्च घेऊन बाहेर गेलो. झाकण नखाने निघालं. आत आटे असलेलं गोल, सुबक भोक.

काका जमिनीवर बसले.

"म्हणजे भोक आहेच?"

"आहेच, काका. कंपनीने पाडलेलं."

"मी नाही पाडलं."

"नाही."

"मग चालते ना बाप्पा!"

त्या भोकात फिरवून बसवायचा दांडा मिळतो. दांड्याला पट्टी, पट्टीला प्लेट. हवं तेव्हा काढा, हवं तेव्हा लावा. बुधवारी संध्याकाळी खोकं आलं. काका गुडघ्यांवर बसून दांडा उजवीकडे फिरवत राहिले. दांडा आत जाईना. काकांनी तेल लावलं, फुंकर मारली, दांड्याची समजूत घातली. मी प्लेट धरून उभा.

"खोक्यातल्या कागदावर काय लिहिलंय बघ बरं."

"या गाडीचे आटे उलटे आहेत. डावीकडे फिरवा."

"हे आधी नाही सांगायचं का बे?"

"तुम्ही धरायला बोलावलं होतं. वाचायला नाही."

डावीकडे फिरवल्यावर दांडा लोण्यात गेल्यासारखा गेला. प्लेट बसली. हलवून पाहिली, हलली नाही. मध्यभागी मात्र नव्हती, पार एका बाजूला होती. एका गालात तंबाखूचा खर्रा धरल्यासारखी गाडी दिसत होती.

"नागपूरची वाटते," काका खूश होऊन म्हणाले.

गुरुवारी शेवटचा सराव. काकूंनी गाडी सुरू केली. पार्किंगमध्ये अर्धा फेरा झाला आणि त्यांनी करकचून ब्रेक लावला.

"ही बोलत का नाही?"

"दुरुस्त झाली ना," काका म्हणाले. "सेन्सर मोकळा आहे आता. आरसा बघ. क्लच... क्लच नाही यात. ब्रेक बघ."

काकूंनी एक वळण घेतलं आणि गाडी फुटपाथवर चढवली. खाली उतरवली. दुसऱ्या वळणावर पुन्हा चढवली. मग गाडी थांबवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अहो, प्लेट होती तिथे पुन्हा बांधा."

"कशाला?"

"त्या टिंगटिंगीत मला तुमचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून तर गाडी आली मला."

ना गाडीचा आवाज, ना काकांचा, अशी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

"मी मागे बसतो," काका म्हणाले.

आम्ही जागा बदलल्या. काकांनी रुमाल काढून दातांत धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. तोंड बंद होतं, पण पाय चालू होते. त्यांचे सगळे ब्रेक माझ्या पाठीत लागत होते. काकूंनी गाडी फुटपाथला एकदाही लावली नाही.

शुक्रवारी त्याच बाई आल्या. गाडीला चक्कर मारली. खाली वाकल्या, प्लेट ओढून पाहिली. हलली नाही. काका पुढे सरसावले. त्यांना उलट्या आट्यांबद्दल सांगायचं होतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

काका मागे सरले. गाडी गेली. काका फुटपाथवर उभं राहून उजवा पाय दाबत होते. कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी झाली तरी दाबत होते.

गाडी परत आली ती सरळ रेषेत. काकू उतरल्या आणि नुसत्या हसल्या. बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "उत्तम चालवता. फक्त दर सिग्नलला शेजारच्याकडे रागाने बघू नका."

रविवारी जेवायला बोलावलं. पुरणपोळी होती आणि सावजी रस्साही. स्वयंपाकघरात ताटं निथळायच्या रॅकमध्ये नंबर प्लेट उभी होती. धुतलेली, चमकणारी.

"काका, ही इथे?"

"काढता येते ना. मग काढायची. सकाळी लावायची."

सोमवारी सकाळी काका आंघोळ करत होते. काकू डबा घेऊन निघून गेल्या. पहिला दिवस, त्या लवकरच निघाल्या. पाच मिनिटांत काका माझ्या दारात. ओले केस, कुशीत प्लेट आणि दांडा.

"गाडी काढ, शंतनू. पोलिसाने अडवलं तर? पहिल्याच दिवशी उशीर? माझ्यामुळे?"

मी गाडी काढली. टेकडी चढताना काकांनी मला एकदाही ब्रेक लावायला सांगितलं नाही. उलट म्हणाले, "दाब ना जरा."

काकूंची गाडी बालवाडीच्या पार्किंगमध्ये उभी होती. दोन रेषांच्या बरोबर मध्ये. काकांनी ती आधी डोळे भरून पाहिली. मग गुडघ्यांवर बसले. मी दांडा धरला. मागे कुंपणाला सात-आठ पोरं येऊन चिकटली.

"मिस राधा!" एक मुलगी ओरडली. "एक माणूस तुमची गाडी खोलतोय!"

काकू बाहेर आल्या. गळ्यात नावाची पट्टी, हातात खडूंचा डबा. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी तेलकट हात वर केला.

"कोण आहे तो?" मुलीने विचारलं.

"माझा नवरा," काकू इंग्रजीत म्हणाल्या. मग मराठीत, "आता ती प्लेट तिथेच राहू द्या."

"हो. पण राधा, परत येताना तो सिग्नल जरा विचित्र आहे, तिथे डावीकडे आरसा..."

काकूंनी बोट ओठांवर ठेवलं. ते बघून कुंपणामागच्या सगळ्या पोरांनी आपापली बोटं ओठांवर ठेवली.

काकांनी रुमाल काढून दातांत धरला.