परका दमा

"ह्यो दमा माझा न्हाई," असं म्हणून ते उजवा हात वर करायचे आणि मग निवांत धापा टाकत बसायचे.

माले गावात माझं शिवणकामाचं दुकान होतं, आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. घरची मेंढरं, त्यांची लोकर पिंजून ते घोंगड्या विणायचे. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा.

त्यांच्या घराण्यात आजा, पणजा, चुलते, कुणालाच कधी दमा नव्हता. मग तो आलाच कसा? जमीन येते तसाच दमाही वाडवडिलांकडून यायचा, अशी त्यांची पक्की समजूत. तेव्हा मुळशीला धरणाचं काम चाललं होतं, त्यावर परमुलखातली माणसं आली होती. कुणाचा दमा हरवलाय का, हे विचारायला हा माणूस तिथं जाऊन आला!

"मग, काय म्हणाले?"

"कुणी कबूल हुईना, शिंपीदादा."

धाप उठली की ते दार लावून छातीवर घोंगडी ओढायचे. तेवढ्यानं भागलं नाही की तिच्यावर दुसरी.

लेक म्हणायची, "आबा, मेंढरामागं माळावर असता तवा बरं असता. लोकर पिंजाया बसला की धाप लागती."

"लोकरीला नावं ठिऊ नगं. तिच्यावर घर चालतंय."

मग या लेकीला भूगावचं स्थळ आलं. आबांची घरघर ऐकून मुलाचा बाप उठलाच. "बापाला दमा, म्हंजी पोरीलाबी हुनार."

आबांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. पण लगेच ते म्हणाले, "पाव्हणं, जरा थांबा." त्यांनी सगळी भावकी अंगणात गोळा केली, ओल्या लाकडांच्या चुली मांडल्या आणि एकेकाच्या हाती फुंकणी दिली. तुम्ही तो देखावा पाहायला हवा होता! आबांच्या बोळक्या आत्यानं तर अशी फुंकर मारली की राख थेट पाहुण्यांच्या पागोट्यावर. धुरानं पाहुण्यांना ठसका लागला, तो थांबेचना.

आबा काळजीनं जवळ सरकले. "तुमच्यात कुनाला व्हता का?"

लग्न तिथंच ठरलं.

सासरी जाताना लेक मला म्हणाली, "दादा, आबांना दार उघडं ठिवाया सांगत जावा." मी रोज सांगायचो. ते मान डोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. "वाऱ्यानं लोकर उडती."

त्या थंडीत ते गेले. फार लोभस माणूस. मी लहान मुलासारखा रडलो. भावकीनं त्यांच्याच हातची घोंगडी त्यांच्यावर डोक्यापर्यंत पांघरली होती. लेक आली. तिनं ती घोंगडी त्यांच्या नाकावरून खाली सारली आणि उठून दार उघडलं.