फरशीची पागा

जळोचीत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान. गोठे, शेड, गेट, सगळं करून देतो. आत राहायचं जनावरानं, पण गोठा बांधायचा पाव्हण्यांना दाखवायला, ही इकडची रीतच झालीय. त्यामुळे आमच्याकडं भंगारापेक्षा किस्से जास्त साठतात!

आमचे तात्या, म्हणजे वडील, जन्मभर मेंढरांमागं हिंडले. रानात चार काठ्या, एक जाळी, झाला वाडा. आता खांद्यावर घोंगडं टाकून दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकांना सल्ला देतात. तो कुणी ऐकत नाही. मीसुद्धा!

*

कऱ्हाटीचे एक बागायतदार मोबाईलवर मुक्त गोठा बघून आले. गायी मोकळ्या फिरणार, दूध वाढणार! चौफेर पाइपचं कुंपण करून दिलं. महिन्यानं तात्यांना घेऊन जाऊन बघतो तर आत प्रत्येक गाय दाव्याला बांधलेली.

"अवो, हे काय?"

"मोकळ्या सोडल्या की हिंडत्यात ना!"

तात्या म्हणाले, "मंग कुंपान तुमच्यासाठी केलंय व्हय?"

*

कळसच्या एका हौशी माणसानं शेळ्यांसाठी उंच फळ्यांची शेड करून घेतली. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून फळ्यांत फटी ठेवल्या. पठ्ठ्यानं वर चटई अंथरली. प्लास्टिकची, फुलाफुलांची!

आठ दिवसांत फोन. "तुमच्या शेडला लई वास मारतोय." आमच्या शेडला!

*

आणि आमच्याच जळोचीतले, प्लॉट विकून पैसेवाले झालेले रावसाहेब. त्यांनी घोडी घेतली. तिच्या पागेत पंखा, कॅमेरा आणि खाली तोंड दिसेल अशी गुळगुळीत फरशी!

तात्यांनी बजावलं, "नाल ठोकलेलं जनावर हाय. घसरून पाय मोडला तर घोडी गेली म्हणून समजा. माती टाका."

रावसाहेब हसले. "तात्या, ही काय मेंढरं हायती का?"

फरशी मीच बसवून घेतली. सांगायला लाज वाटते.

उद्घाटनाला बँड, पाव्हणे, वर धरलेले मोबाईल. घोडीनं फरशीवर एक खूर टेकवला, तो सर्रकन सरकला. तिनं मागं होऊन चारी पाय रोवले. दोघांनी लगाम ओढला. रावसाहेबांनी चाबूक मागवला. आता हिचा पाय मोडतोय, हे मला दिसत होतं.

तात्या उठले. घोंगडं बादलीत बुडवून ओलंचिंब केलं, फरशीवर घट्ट अंथरलं आणि लगाम हातात घेतला. घोडी एकेक पाऊल टाकत आत आली. टाळ्या!

रावसाहेब मिशीवरून हात फिरवत फोटोला उभे राहिले. मग खाली बघून म्हणाले, "तात्या, घोंगडं उचला. फोटोत बरं दिसत न्हाय."

"उचलतो की. पन मंग घोडी तुमी सावरायची."

घोंगडं तिथंच राहिलं.

संध्याकाळी त्यांच्या स्टेटसवर फोटो झळकला. घोडी गुडघ्यापासून वर!